गाणं आपल्याला ऐकू येतं, पण मादीला येतं का?

पानगळ (धागाकर्ती)

गोंगाटात पक्षी वरच्या पट्टीत गातात, ही बातमी दर वर्षा-दोन वर्षांनी कुठे ना कुठे नव्याने छापून येते. सूर ठरलेला: निसर्ग बघा किती हुशार, काढलीच त्याने वाट. परवा गप्पांच्या पानावर कुणीतरी तिचा दुवा दिला आणि खाली 'कमाल', 'भारीच' असे प्रतिसाद पडले. बातमी खरी आहे, माझी तक्रार तिच्या अर्धवटपणाबद्दल आहे. सगळी कथा गाणाऱ्या नराची. ऐकणारं कुणी तिच्यात नाहीच. संवाद म्हटलं की दुसरं टोक आलंच ना?

आधी मूळ गोष्ट. २००३ साली हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रीट पीट यांचा एक छोटा निबंध 'नेचर'मध्ये आला. नेदरलंड्समधल्या लायडन शहरात त्यांनी ग्रेट टिट या वल्गुलीच्या भाऊबंदाच्या नरांची गाणी टिपली आणि प्रत्येकाच्या हद्दीतला गोंगाटही मोजला. जिथे गोंगाट जास्त, तिथल्या नराच्या गाण्यातला सगळ्यात खालचा सूर वर सरकलेला. २००६ मध्ये युरोपातली दहा शहरं आणि त्यांच्या जवळची जंगलं अशी जोडी लावून तुलना झाली. शहरी गाणी जंगलातल्यांपेक्षा आखूड आणि घाईची निघाली.

कारण सोपं आहे. रहदारीच्या आवाजाची बहुतेक ताकद २ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला दोन हजार कंपनांच्या) खाली असते. ग्रेट टिटचे खालचे सूर ३ किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्या पट्ट्याला अगदी लागून. खालचे सूर गाळले की उरलेलं गाणं गोंगाटाच्या वर राहतं. बातमी इथे संपते.

२०१० मध्ये एर्विन नेमेथ आणि हेन्रिक ब्रुम यांनी हिशेब मांडला, की अशी पट्टी चढवून गाणं नेमकं किती लांब पोचतं? शहरात पट्टी जेवढी चढलेली आढळते, तिने पल्ला थोडकाच वाढतो. त्याच्या कितीतरी पट फायदा नुसतं मोठ्याने गाण्याने होतो. त्यांची शंका अशी, की काही जातींमध्ये पट्टी चढणं हा मोठ्याने गाण्याचाच परिणाम असावा. ब्लॅकबर्डचे वरचे सूर मुळातच जास्त जोरात निघतात, हे पुढे मोजूनही दिसलं.

मोठ्याने गाण्याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात. एतियेन लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरने तो १९११ मध्ये माणसांमध्ये नोंदवला: भोवती गलका वाढला की बोलणाऱ्याचा आवाज त्याच्या नकळत चढतो. ब्रुम यांनी २००४ मध्ये बर्लिनमधल्या नाइटिंगेलांचा आवाज मोजला, तर सर्वांत शांत आणि सर्वांत गोंगाटी हद्दींतल्या नरांमध्ये १४ डेसिबलपर्यंत फरक. ध्वनिदाबात मोजलं तर पाचपट! आणि हे नर कामाच्या दिवशी सकाळी जोरात, शनिवार-रविवारी त्या मानाने हळू. तेव्हा निदान यात तरी 'निसर्गाने पिढ्यान्‌पिढ्या काढलेली वाट' वगैरे काही नाही. त्या-त्या सकाळची धडपड आहे.

आता दुसरं टोक. रॉबर्ट डूलिंग यांनी कित्येक दशकं पक्ष्यांच्या ऐकण्याचा अभ्यास केला. त्यातून निघालेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: गोंगाटातून एखादा आवाज वेगळा काढण्यात पक्ष्याचा कान माणसाच्या कानापेक्षा कमी पडतो. त्याच गोंगाटात, तेच गाणं चांगल्या कानाच्या माणसाला जेवढ्या अंतरावरून कळेल, त्याच्या साधारण निम्म्या अंतरावरूनच सर्वसाधारण पक्ष्याला कळतं. तेव्हा खिडकीत उभं राहून 'एवढ्या रहदारीतही किती स्वच्छ ऐकू येतंय' म्हणणं हे आपल्या कानाचं प्रमाणपत्र झालं.

मादीचं काय होतं, ते २०११ मध्ये वाउटर हाल्फवेर्क आणि सहकाऱ्यांनी फार नेटकेपणाने दाखवलं. अंडी घालायच्या दिवसांत ग्रेट टिटची मादी रात्रभर घरट्याच्या पेटीत असते. पहाटे, पुरतं उजाडण्याआधी, नर पेटीबाहेर येऊन गायला लागतो. मादी आतून त्याला ओ देते आणि काही वेळाने बाहेर पडते. म्हणजे या वेळी तिच्याकडे फक्त कान असतात, पेटीच्या लाकडातून आत झिरपेल तेवढं गाणं. मादीच्या प्रजननाचा काळ ऐन भरात असतो तेव्हा नर खालच्या सुरांची गाणी जास्त म्हणतात, आणि खालच्या सुरांत गाणाऱ्यांच्या घरट्यात परक्या नराची पिल्लं निघण्याचं प्रमाण कमी असतं. थोडक्यात, मादीला महत्त्वाचा आहे तो खालचा सूर. संशोधकांनी पेटीच्या आत शहरी गोंगाट वाजवला. खालच्या सुरांच्या गाण्यांना मादीचा प्रतिसाद घटला.

कोंडी लक्षात आली का? खाली गावं तर ऐकू जात नाही. वर गावं तर ऐकू जातं, पण जे ऐकू जातं ते कमी पसंतीचं. याला वाट काढणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

आणखी एकच देते आणि थांबते. कॅनडातल्या अल्बर्टामध्ये गॅसच्या वाहिन्यांवर कॉम्प्रेसर बसवलेले असतात, रात्रंदिवस चालणारे. हबीब, बेन आणि बूटिन यांनी २००७ मध्ये ओव्हनबर्ड या छोट्या रानपक्ष्याचे नर दोन ठिकाणी तपासले: कॉम्प्रेसरजवळ आणि तशीच झाडं तोडलेल्या पण कॉम्प्रेसर नसलेल्या, मुक्या गॅसविहिरींजवळ. जोडीदार मिळालेले नर मुक्या जागी ९२ टक्के, कॉम्प्रेसरजवळ ७७ टक्के. झाडतोड दोन्हीकडे सारखी, म्हणून फरकाचं खापर आवाजावरच फुटतं. गात सगळेच होते.

चकवा

लेख आवडला, पण मी नेहमीप्रमाणे वाकड्यात शिरणार.

एक, गोंगाट काही मोटारींबरोबर जन्माला आला नाही. धबधबे, खळाळते ओढे, वारा, पावसाळी जंगलातले किडे हे सगळं पक्ष्यांच्या आधीपासून आहे. ओढ्याकाठी राहणारे पक्षी त्यात गातातच की.

दोन, ही खालच्या सुराची मोजणी कशी करतात? गोंगाटातच ध्वनिमुद्रण करायचं आणि गोंगाटातच सगळ्यात खालचा सूर शोधायचा, तर तो गोंगाटात बुडालेला असणार. मग पक्ष्याने तो म्हटला नाही की आपल्याला दिसला नाही?

पानगळ

चकवा, पहिल्याचं उत्तर असं, की ओढा आज इथे उद्या तिथे नसतो. ओढ्याकाठच्या जातींना हजारो वर्षं मिळाली. शिवाय ओढ्याचा गोंगाटही फुकट नसतो; ज्यांना तो झेपत नाही त्या जाती मुळात तिथे राहत नाहीत. दुसरा मुद्दा खराच आहे, त्यावर मिक्सरबाबांनी बोलावं. ते वाचत असतील तर.

मिक्सरबाबा

वाचतोय, वाचतोय. ध्वनिमुद्रण हा माझा पोटापाण्याचा उद्योग, त्यामुळे गप्प बसवत नाहीच.

स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, कधी पाहिला नसेल तर असा डोळ्यांसमोर आणा. आडवी बाजू वेळेची, उभी बाजू पट्टीची, आवाज जितका मोठा तितकी खूण गडद. रस्त्याकाठी टिपलेल्या मुद्रणात तळाशी सलग राखाडी साय धरलेली असते, तळाला काळपट, १ किलोहर्ट्झच्या वर हळूहळू विरळ होत जाणारी. मोठं वाहन गेलं की ती फुगते, वरपर्यंत चढते आणि मग ओसरते. त्या सायीच्या वर पक्ष्याचे सूर म्हणजे बारीक, रेखीव फटकारे: तिरपा, आडवा, पुन्हा तिरपा. आता नीट बघा, काही फटकाऱ्यांचं खालचं टोक सायीत शिरलेलं असतं. ते कुठे संपतं हे डोळ्यांनी ठरवायला गेलात की तुम्ही सायीच्या वरच्या काठालाच सुराचा तळ समजता. गोंगाट वाढला, साय चढली, सुराचा तळही कागदावर 'चढला'. पक्ष्याने काहीही बदललेलं नसताना.

चकवांचा मुद्दा हाच. २०१२ मध्ये झॉलिंगर आणि मंडळींनी यावर सविस्तर टीका केली. डोळ्यांनी मोजण्याऐवजी सुराच्या सर्वोच्च तीव्रतेपासून ठरावीक डेसिबल खाली उतरून मर्यादा धरायची, ही पद्धत त्या मानाने बरी. जुन्या काही निष्कर्षांकडे त्यामुळे सावधपणे बघायला हवं. सगळेच मोडीत काढण्याचं कारण नाही. ठरावीक गाणी असणाऱ्या पक्ष्याने गोंगाट सुरू झाल्यावर एक गाणं सोडून दुसरं, वरच्या सुरांचं गाणं धरलं, तर ते मोजपट्टीच्या चुकीने होत नाही. ग्रेट टिट हे करतात.

डेसिबलचं गणितही इथेच उरकतो, कारण त्यावरून लोक हमखास गंडतात. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणून भोवतीचा गोंगाट ६ डेसिबलने वाढला तर गाणं ऐकू येण्याचं अंतर निम्म्यावर, आणि क्षेत्रफळ पाव. नुसता ३ डेसिबल वाढला तरी क्षेत्रफळ निम्मं. रस्त्यावरची वाहनं दुप्पट झाली की साधारण ३ डेसिबलच वाढतात! आपल्या कानाला तो फरक जेमतेम कळतो, कागदावर तर कुणी त्याची दखलही घेत नाही. १० डेसिबल वाढले की ऐकू येण्याच्या क्षेत्राचा फक्त दहावा हिस्सा उरतो. झाडाझुडपांत प्रत्यक्ष आकडे बदलतील, पण कल वाईटाकडेच जाईल.

तिसरी घंटा

पण लॉकडाउनमध्ये पक्षी जोरजोरात गायला लागले होते, सगळ्यांनीच ऐकलंय ते.

पानगळ

उलट झालं होतं हो! ते हळू गात होते.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या पांढऱ्या पट्टेरी डोक्याच्या चिमण्यांवर (व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो) एलिझाबेथ डेरीबेरी आणि डेव्हिड ल्यूथर यांचं काम आधीपासून चालू होतं. त्यांच्याकडे मागच्या वर्षांची मुद्रणं तयार होती, त्यामुळे २०२० च्या वसंतात आयताच प्रयोग हाती आला. गोल्डन गेट पुलावरची रहदारी १९५४ च्या पातळीला उतरली होती. चिमण्यांनी आवाज कमी केला, आणि तरीही त्यांचं गाणं पूर्वीच्या दुपटीहून जास्त अंतरावर पोचायला लागलं. शिवाय गाण्याचा पट्टा रुंदावला, खालचे सूर परत आले. लोकांना वाटलं पक्षी वाढले, मोठ्याने गायला लागले. वाढली होती ती शांतता.

मला यात आवडतं ते हे, की इतक्या वर्षांनी सूर परत आले आणि तेही काही आठवड्यांत. म्हणजे गळा शाबूत आहे. आता त्याच शहरातली दुसरी बाजू ऐका. ल्यूथर आणि डेरीबेरी यांनी १९६९ मधली गाणी आणि २००५ मधली गाणी तिथल्या नरांना ऐकवली. नर चवताळून आले ते नव्या गाण्यावर. जुनं गाणं त्यांना तितकं बोचलं नाही. गाणं बदललं आणि त्याबरोबर ऐकणाऱ्याच्या लेखी 'खरं गाणं' कोणतं, हेही बदललं.

बोरूबहाद्दर

हे सगळं कोकिळालाही लागू आहे का? तो तर कितीही गोंगाट असला तरी बोंबलतच असतो. शास्त्रीय भाषेत 'गाणारे पक्षी' म्हणजे नेमके कोण?

चकवा

कोकीळ त्यात नाही. कबुतर, पारवा, होला, पोपट, घुबड, कुणीच नाही. आणि कावळा आहे! चिमणी, बुलबुल, दयाळ, मैना, शिंपी, चंडोल हे सगळे आहेत. गोड आवाजाशी वर्गीकरणाचा संबंध नाही. स्वरयंत्राची रचना आणि वंशावळ बघतात. बहुतेक गाणारे पक्षी गाणं मोठ्यांकडून ऐकून शिकतात. कोकीळ त्याचं जन्मजात घेऊन येतो, आणि तेही ठीकच, कारण बिचारा वाढतो कावळ्याच्या घरात.

पानगळ

चकवा, हे वाक्य जपून ठेवतेय.

शिकण्याचा मुद्दा या विषयात फार मोलाचा आहे. शिकणाऱ्या पिल्लाला जे ऐकू येतं तेच ते शिकणार. डेरीबेरी यांच्याच गटाने हे पडताळून पाहिलं (डॅना मोझली आणि सहकारी, २०१८). याच चिमण्यांची हाताने वाढवलेली पिल्लं घेतली, आणि त्यांना शहरी गोंगाटात झाकली जाणारी आणि त्या मानाने न झाकली जाणारी अशी दोन्ही गाणी गोंगाटासकट ऐकवली. मोठी झाल्यावर ती न झाकली जाणारी गाणीच म्हणायला लागली. त्यासाठी कुणाला मरावं लागलं नाही, जनुकं बदलावी लागली नाहीत. एका पिढीत खालचा सूर शाळेतूनच गळला. गाणं बदलतं ते असंही बदलतं.

याच्या उलट, गाणं जन्मजात असणाऱ्या पक्ष्यांना एवढी मोकळीक नसते. त्यांच्या हाती जोर वाढवणं, वेळ बदलणं नाहीतर उठून जाणं.

सायली_कातरवेळ

छान चाललाय धागा. वेळ बदलणं म्हणजे? रात्री गाणारे पक्षी हा दिव्यांच्या उजेडाचा परिणाम असं वाचलं होतं.

आणि पिल्लांचं काय? आई-बापाला पिल्लांची भुकेची हाक ऐकू यायला हवी ना. माझं लक्ष सारखं तिकडेच जातंय.

पानगळ

सायली, दिव्यांचा वाटा आहेच, पण शेफील्डमध्ये रॉबिनांवर झालेल्या अभ्यासात (फुलर, वॉरन, गॅस्टन, २००७) रात्री गाण्याचा संबंध उजेडापेक्षा दिवसाच्या गोंगाटाशी जास्त घट्ट निघाला. दिवसा जिथे आवाज फार, तिथले रॉबिन रात्री गातात. स्पेनमध्ये माद्रिदच्या विमानतळाजवळ पक्ष्यांचं पहाटेचं गाणं नेहमीपेक्षा लवकर सुरू होतं, आणि विमानांच्या वेळेशी ज्यांची गाठ पडते त्या जाती जास्त लवकर उठतात. सोय म्हणून ठीक. पण ऐकणारीही त्या वेळी जागी हवी.

पिल्लांची बाजू मला सगळ्यात अस्वस्थ करते. घरट्यातली आंधळी-उघडी पिल्लं घरट्यावर आई-बाप उतरल्याची चाहूल लागली की चोची वासतात. मार्टी लिओनार्ड आणि अँड्रू हॉर्न यांनी ट्री स्वॅलो या पाकोळ्यांच्या पिल्लांवर काम केलंय. गोंगाटात पिल्लांना आई-बाप आल्याचं कळत नाही, चोची मिटलेल्याच राहतात, असं जास्त वेळा घडतं. मग घास शेजारच्या भावंडाला.

इंग्लंडजवळच्या लंडी बेटावर चिमण्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. तिथे वीज जनित्रांवर. जनित्रांच्या आवाजात घरटं असणाऱ्या माद्या पिल्लांना कमी वेळा भरवतात, आणि त्यांची कमी पिल्लं जगतात, असं श्रोडर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं. 'कमकुवत चिमण्यांनाच तिथे जागा मिळत असेल' ही शंका त्यांनी तपासली, कारण तिथली पिल्लं घरट्या-घरट्यांत अदलाबदल केलेली असतात. ती टिकली नाही. भुकेच्या हाका आईपर्यंत नीट पोचत नसाव्यात, हा त्यांचा कयास.

संवादाच्या पलीकडचंही आहे. ऑस्ट्रेलियात झीब्रा फिंचची अंडी आणि पिल्लं आई-बापांपासून बाजूला नेऊन रोज काही तास रहदारीचा आवाज ऐकवला (२०२४, 'सायन्स'). आई-बाप त्यात नव्हतेच, त्यामुळे 'आईने दुर्लक्ष केलं' म्हणायला जागा नाही. अंडी कमी फुटली, पिल्लं लहान राहिली, आणि पुढे प्रौढपणी त्यांना झालेली पिल्लंही खूपच कमी. अंड्यात असतानाच्या आवाजाची शिक्षा एवढी लांबवर!

चकवा

आता माझा हुकमाचा पत्ता. न्यू मेक्सिकोत क्लिंटन फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी (२००९) गॅस विहिरींच्या कॉम्प्रेसरजवळ घरटी मोजली. गोंगाटी भागात पक्ष्यांच्या जाती कमी होत्या, हे मान्य. पण जे तिथे राहिले त्यांची घरटी जास्त यशस्वी! कारण अंडी-पिल्लं पळवणारा स्क्रब-जे गोंगाटाला कंटाळून निघून गेला होता. हाउस फिंच तर तिथे मुद्दाम जास्त संख्येने होते. म्हणजे गोंगाट हे काहींना कवच आहे.

पानगळ

पत्ता चांगला आहे, पण त्याच गटाचा २०१२ चा पुढचा डाव बघा. तो स्क्रब-जे पिन्यन पाइनच्या बिया जमिनीत पुरून ठेवतो आणि काही विसरतो, त्यातून झाडं उगवतात. तो निघून गेला, आणि त्या बिया खाऊन टाकणारे उंदीर गोंगाटात मजेत राहिले. शांत जागी पिन्यनची रोपं गोंगाटी जागेच्या चौपट सापडली. पाइन वाढायला दशकं लागतात. आज यशस्वी दिसणाऱ्या घरट्यांखालचं जंगल उद्या कसं असेल?

आणि 'राहिले' या शब्दावर फार भिस्त ठेवू नका. राहिलेले सगळे मजेत असतात असं नाही. मिक्सरबाबा, तो तुमच्या आवडीचा प्रयोग सांगा ना.

मिक्सरबाबा

आयडाहोतला भुताचा रस्ता! माझ्या धंद्यातल्या कुणालाही आवडेल. जेसी बार्बर आणि त्यांच्या मंडळींनी एका डोंगरधारेवर, जिथे रस्ताच नाही अशा जागी, झाडांना रांगेने स्पीकर लावले. अर्धा किलोमीटर लांबीचा, फक्त आवाजाचा रस्ता. ना धूर, ना दिवे, ना चाकाखाली येऊन मरणारे पक्षी. चार दिवस वाजवायचा, चार दिवस बंद. २०१२ च्या शरदात स्थलांतर करणारे पक्षी तिथे खायला, चरबी साठवायला थांबत होते. आवाज चालू असलेल्या दिवसांत पक्ष्यांची संख्या पावपटीहून जास्त घटली. यलो वॉर्बलर तर जवळजवळ नाहीसेच झाले.

पानगळ म्हणतात तो भाग पुढचा. मॅकगिलिव्हरेज वॉर्बलर ही जात तिथेच राहिली, संख्या फारशी हलली नाही. जाळ्यात धरून तपासलं तर मात्र त्यांची वजनं म्हणावी तशी भरत नव्हती. खोलीत चिमण्यांवर केलेल्या जोडप्रयोगात कारण दिसलं: गोंगाटात पक्षी मान खाली घालून दाणे कमी वेळ टिपतो, मान वर करून इकडे-तिकडे जास्त बघतो. कानांनी धोका कळेनासा झाला की पहारा डोळ्यांनी द्यावा लागतो, आणि डोळे पहाऱ्यावर असले की चोच रिकामी.

इशाऱ्याच्या हाकांचंही तेच. फ्लोरिडात मोठ्या रस्त्यांच्या जवळ टिटमाउसची इशाऱ्याची हाक वाजवली, तर कार्डिनल पक्ष्यांनी दखलच घेतली नाही. लांब, शांत जागी लगेच थिजले होते. गाणं न पोचण्याचं नुकसान हंगामाचं असतं. इशारा चुकला तर पुढच्या मिनिटाचं.

हो, आणि वरच्या पट्टीच्या गोष्टीला एक तडा: विमानतळांजवळचे चिफचॅफ हे छोटे पक्षी खालच्या पट्टीत गाताना आढळले, आणि स्पीकरवर जास्त त्वेषाने धावून आले. विमानाचा दणका एवढा रुंद असतो की पट्टी चढवून सुटका नाही. संशोधकांनी कानांना इजा होत असावी अशी शंका घेतली. खरं तर पक्ष्यांच्या कानातल्या संवेदी पेशी मेल्या तरी पुन्हा उगवतात, हे १९८८ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलंय. आम्हा हेडफोनवाल्यांना हेवा वाटावा अशी सोय. पण रोजच्या रोज नवा दणका बसत राहिला तर ती दुरुस्ती पुरी कधी व्हायची?

तिसरी घंटा

मग विजेवरच्या गाड्या आल्या की प्रश्न सुटेल ना? आवाजच नाही त्यांना.

मिक्सरबाबा

घंटा, इंजिनाचा आवाज जाईल. पण ताशी साधारण ३०-४० किलोमीटरच्या पुढे मोटारीचा मुख्य आवाज इंजिनाचा नसतोच, टायर आणि रस्ता यांच्या घासण्याचा असतो, आणि तो १ किलोहर्ट्झच्या आसपास जमतो. महामार्गावर विजेची मोटार जवळपास तेवढीच गाजते. गल्लीबोळात, सिग्नलला नक्की फरक पडेल.

जे उपयोगी पडतं ते कंटाळवाणं आहे: वेग कमी करणं, आवाज शोषणारी रस्त्याची फरसबंदी, रस्ता कापून खाली नेणं, भिंती. भिंत तिच्यामागच्या सावलीपुरतीच काम करते आणि खालच्या पट्टीचा आवाज तिला वळसा घालतो. झाडांची एखादी ओळ आवाज अडवते हा गैरसमज. त्यासाठी खोल, दाट पट्टा लागतो. कॉम्प्रेसर, जनित्रं यांचं काम सर्वांत सोपं. ती एका जागी असतात, त्यांच्याभोवती आच्छादन बांधता येतं. अल्बर्टा, न्यू मेक्सिको, लंडी, तिन्ही प्रकरणं त्याच जातीची आहेत हे बघा.

सायली_कातरवेळ

आणि वेळा? विणीच्या हंगामात पहाटेचे दोन तास जरी मोकळे ठेवले तरी?

पानगळ

तेवढंही पुष्कळ होईल, कारण पेटीबाहेरचं ते गाणं त्याच तासांत असतं. अडचण अशी की पहाटेचा शेवट आणि कामावर जाणाऱ्यांची सुरुवात या दोन्ही गोष्टी हंगामानुसार एकमेकींत घुसतात. जिथे सूर्य उशिरा उगवतो तिथे गर्दीची वेळ थेट गाण्यावरच येऊन बसते. बांधकामं, दगडखाणी, गवत कापायची यंत्रं यांच्या वेळा मात्र हलवता येतात, तिथे खर्चही फार नाही.

बोरूबहाद्दर

मला माझ्या खिडकीबाहेरच्या दयाळाचं गाणं टिपून त्याचा खालचा सूर बघायचाय. फोनवर जमेल का?

मिक्सरबाबा

जमेल, थोडी पथ्यं पाळा. फोनमधली गोंगाट गाळण्याची सोय बंद करा, नाहीतर ती सायीबरोबर सुराचा तळही खाऊन टाकेल. आवाज लहान-मोठा आपोआप करणारी सोयही बंद. एमपीथ्री नको, वेव्ह फाइल घ्या. फोनवरून तो किती डेसिबलने गातो हे काढायच्या फंदात पडू नका, त्याला अंतर आणि चोचीची दिशा दोन्ही ठाऊक लागतात. पट्टी बघा. एकाच नराची रहदारी असतानाची आणि नसतानाची, अशी दोन्ही मुद्रणं घ्या आणि इथे टाका. सुराचा तळ मी शोधून देतो, डोळ्यांनी नाही.